लिटरमागं दोन पूर्णांक अडुसष्ट

उदगीर तालुक्यात पंप किती, मला विचारा.
एकोणीस. त्यातला एक बंद,
त्याच्या नोझलमध्ये चिमणीनं काड्या भरल्यात.
उरलेल्या अठरांकडं मी दर पाच तारखेला जाते
सहा महिन्यांच्या कंत्राटावर, स्वतःच्या स्कूटीवर.
स्कूटीचं पेट्रोल वेगळ्या वहीत लिहिते.
ते कुणी मागितलेलं नाही.

काम सोपं आहे.
विकलेलं डिझेल, लिटरमध्ये,
गुणिले दोन पूर्णांक अडुसष्ट,
की निघाला हवेत गेलेला वायू, किलोमध्ये.
वर कुणीतरी छत्तीस जिल्ह्यांची बेरीज मांडून बसलंय.
त्याला माझी ओळ लागते
दहा तारखेच्या आत.

मोईनचाचांना पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा त्यांनी पितळी माप काउंटरवर आपटलं.
"वजन करा की! लिटर किलोलासुद्धा भरत नाही.
जळाल्यावर पावणेतीन किलो कसं व्हायलंय, बाई?
माप थोडं कमी पडलं तर लोक माझी गचांडी धरतेत,
अन् तुम्ही जास्तीचं कुठून आणायलाव?"
मी म्हटलं, हवेतून.
जळताना ते हवा ओढून घेतं, तिचंही वजन लागतं.
चाचा बराच वेळ पत्र्याकडं बघत राहिले.
"म्हंजे फुकटची हवा," म्हणाले,
"ती पण उधारीत मांडायलाव तुम्ही."

एप्रिलमध्ये आकडा कोसळला.
बिदर रोडच्या तीन पंपांवर विक्री निम्म्यावर.
वरून फोन: अभिनंदन, तुमच्याकडं घट दिसतेय.
मी तोगरीच्या मोडावर जाऊन बसले,
चहाच्या टपरीवर, खडूनं फरशीवर रेघा ओढत.
ट्रक तेवढेच. डाळीचे, सिमेंटचे,
एक तर लग्नाच्या खुर्च्यांचा.
पलीकडं कमलनगरला डिझेल स्वस्त मिळत होतं, एवढंच.
टाकी तिकडं भरायची, जाळायची इकडं.
खरेदी त्यांच्या राज्याच्या नावावर,
काजळी आमच्या लिंबांवर.
शेऱ्यात लिहिलं: घट खरी नाही.
शेऱ्याचा रकाना वरच्या तक्त्यात जात नाही,
हे मला नंतर कळलं.

मग मे. पाण्याच्या टँकरांची लॉगबुकं आली,
त्यात एक अण्णांचं.
त्यांचं अक्षर मी झाकून धरलं तरी ओळखते,
चारचा आकडा उघड्या तोंडाचा.
चार खेपा, चव्वेचाळीस किलोमीटर एकेक,
डिझेल चव्वेचाळीस लिटर.
माल, प्रवासी, खासगी, शेती असे रकाने होते.
पाण्याला रकाना नव्हता.
मी ते मालात टाकलं
आणि रात्री, कुणी सांगितलेलं नसताना,
कच्च्या कागदावर भागाकार केला.
एका घागरीमागं सदतीस ग्रॅम.
दोन पेढ्यांएवढं.

जेवताना अण्णांनी विचारलं,
"मग, आमचं किती निघालं?"
सांगितलं.
त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच धरला हातात.
एकतीस वर्षं गाडी चालवली त्यांनी.
मी मनातल्या मनात गुणायला लागले
आणि तिसऱ्या वर्षाशी थांबले.
"मग काय, पाणी न्यायचं नाही?"
तसं नाही, मी म्हटलं. फक्त मोजायचं.
"मोजून?"
ह्याचं उत्तर माझ्या कंत्राटात नाही.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले, खेपा ताडायला.
अण्णांच्या गाडीचा स्टार्टर मेलेला,
म्हणून विहिरीत पाणी सोडताना
अर्धा अर्धा तास इंजिन चालूच ठेवतात ते,
कायमचंच.
आज त्यांनी गाडी उतारावर लावली,
पुढच्या चाकाला दगड दिला
आणि चावी फिरवली.

पाणी विहिरीत पडताना आवाज करतं,
खाली गेल्यावर वेगळा,
हे तांड्यानं बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं.
घागरी घेऊन आलेल्या बाया जरा थबकल्या.
सोनाबाई चव्हाण म्हणाली,
"गाडी बंद पडली काय, ड्रायव्हर?"
"न्हाई," अण्णा म्हणाले,
आणि हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं,
"मोजायलेत."